सावडीचं सॉफ्टवेअर
खुली किल्ली / वाटाड्या

पारनेरकडचा एक ओळखीचा पोरगा सहा वर्षं शेतीचे व्हिडिओ टाकत होता. कांदाचाळीत हवा खेळती कशी ठेवायची, मुरघास नीट दाबला नाही तर काय होतं, ठिबकच्या नळ्या क्षारानं चोंदल्या तर काय करायचं, हे सगळं तो बांधावर उभा राहून घरच्या बोलीत सांगायचा. एका व्हिडिओत मागे लांबवर लग्नाचा डीजे वाजत होता. ते गाणं कुणाच्या तरी मालकीचं निघालं. मग दुसरी तक्रार आली, तिसरी आली आणि एका सकाळी चॅनेलच बंद झालं. दाद मागितली तर छापील उत्तर आलं. मूळ फाइली मोबाइलमधून केव्हाच पुसलेल्या. का, तर ‘वर आहेत की!’

‘आपलंच असं काही उभं नाही का करता येणार?’ असं त्यानं मला विचारलं. येतं. किंबहुना ते उभं आहे, त्याला हात कमी पडतात. आजचा लेख त्या हातांविषयी आहे.

नमुना लांब शोधायला नको, मुंबईत आहे. 2008 मध्ये ‘पॅड डॉट मा’ हा व्हिडिओंचा खुला संग्रह सुरू झाला. मुंबईचा ‘कॅम्प’ हा कलावंतांचा गट, ‘मजलिस’ आणि ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ या संस्था, बंगळुरूचा ‘ऑल्टरनेटिव्ह लॉ फोरम’ आणि बर्लिनचे काही प्रोग्रॅमर यांनी मिळून तो उभारला. माहितीपट काढणाऱ्याकडे तासन् तास चित्रीकरण पडून असतं. पडद्यावर त्यातला तासभर येतो, बाकीचं कपाटात कुजतं. ते कुजणारं इथं जपलं जातं. त्यामागचं ‘पॅन डॉट डो रा’ हे सॉफ्टवेअर खुलं आहे, कुणीही घ्यावं आणि चालवावं. पाच वर्षांनी, भारतीय सिनेमाच्या शंभरीच्या साली, याच पायावर ‘इंडियनसिने डॉट मा’ हा भारतीय चित्रपटांचा कोशही उभा राहिला.

त्या सॉफ्टवेअरमधली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. व्हिडिओखाली एक रंगीत पट्टी दिसते. प्रत्येक क्षणाचं चित्र दाबून त्यात एकेक उभी रेघ केलेली असते. शेतातलं चित्रण हिरवं, घरातलं करडं, रात्रीचं काळं, त्यामुळे पट्टी पाहूनच प्रसंग कुठे बदलला ते कळतं. पट्टीवर कुठेही बोट ठेवून नेमक्या त्या सेकंदाला टिपण जोडता येतं. कोण काय बोललं, मागे कोणतं गाव आहे, हातातल्या अवजाराला काय म्हणतात, हे सगळं. पुढे कुणी ‘पाभर’ शोधलं की पाभर दिसते तो क्षण समोर येतो. हे टिपण लिहिणाऱ्याला कोडची एक ओळ येत नसली तरी चालतं. त्यानं पाभर ओळखली पाहिजे, बस्स.

दुसरं उदाहरण फ्रान्समधलं ‘पीअरट्यूब’, म्हणजे व्हिडिओ ठेवायचं आणि दाखवायचं खुलं सॉफ्टवेअर. एका तरुण प्रोग्रॅमरनं ते छंद म्हणून सुरू केलं. ‘फ्रामासॉफ्ट’ या लोकशिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेनं 2017 मध्ये त्याला पगारावर घेतलं. 2018 मध्ये लोकवर्गणीतून 53 हजार युरोंवर रक्कम जमली आणि त्याच ऑक्टोबरात पहिली पक्की आवृत्ती आली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘ब्लेंडर’ या खुल्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरवाल्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर अचानक दिसेनासे झाले होते. जाहिराती लावण्यावरून वाद होता. ब्लेंडरनं तेव्हा पीअरट्यूबवर स्वतःचं ठाणं, म्हणजे स्वतःचा व्हिडिओ सर्व्हर, उभं केलं. पारनेरच्या पोरावर आलं ते जगप्रसिद्ध संस्थेवरही आलं होतं, एवढाच त्याचा दिलासा.

पीअरट्यूबची रचना नगरकराला समजावून सांगायला वेळ लागत नाही. एकच व्हिडिओ अनेक जण एका वेळी पाहत असतील तर त्याचे तुकडे ते एकमेकांना पुरवतात. श्रमदानात घमेली हातोहात पुढे जातात आणि एकाच्याच कमरेवर भार येत नाही, तसंच. ठाणीही एकाच मालकाची नसतात. गावोगावची दूध संस्था वेगळी, हिशेब वेगळा, पण संघाला सगळ्या जोडलेल्या. तशी ही ठाणी एकमेकांना जोडलेली असतात. एका ठाण्यावरचा माणूस दुसऱ्या ठाण्यावरचं चॅनेल पाहू शकतो. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी उभा राहिला, तिथं हे निराळं शिकवावं लागू नये.

याचा परवानाही सावडीचाच आहे. सॉफ्टवेअर फुकट घ्या, हवं तसं बदला. पण बदललेलं लोकांसाठी सर्व्हरवर चालवणार असाल तर तुमचे बदलही त्यांना उघडे करा. सावड म्हणजे माझे बैल तुझ्या रानात आले, आता तुझे माझ्या रानात येऊ देत. यात धर्मादाय नाही, उपकार नाहीत, ती देवघेव आहे.

आता मुद्द्याचं. अशा प्रकल्पाला मदत म्हणजे कोड लिहिणं, ही समजूत आपल्या मुलांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. माझ्याही होती. काही वर्षांपूर्वी एका खुल्या सॉफ्टवेअरच्या शोधखिडकीत मी ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द टाकला. काहीच सापडलं नाही. शीर्षकात तो शब्द असलेली चित्रफीत मात्र डोळ्यांसमोर होती. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. मराठीतला हा ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यावर साधा र, पायमोड आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. शीर्षक एका प्रकारे लिहिलेलं होतं, मी शोधत होतो दुसऱ्या प्रकारे.

मी तक्रार नोंदवली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. युरोपातल्या कुणा प्रोग्रॅमरनं उलट विचारलं, आणखी उदाहरणं देता का? मी यादी पाठवली : दुसऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड. महिन्याभरानं दुरुस्ती झाली आणि मदत करणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव लागलं. कोडची एक ओळ न लिहिता. तो माणूस माझ्यापेक्षा शंभरपट हुशार असेल, पण ‘कुऱ्हाड’ त्याच्या शोधात कधीच अडकली नसती. ती मराठी माणसाच्याच शोधात अडकते.

भाषांतराचंही तसंच. ‘एवढे व्ह्यूज’ याला कुणी ‘दृश्ये’ लिहितं, कुणी ‘दर्शने’. दर्शन शिर्डीला घेतात. व्हिडिओ ‘इतक्या वेळा पाहिला’ म्हटलं की काम भागतं. पण मूळ वाक्यात आकडा आधी येतो, एकाला ‘टिप्पणी’ आणि दोनाला ‘टिप्पण्या’ करावं लागतं, आणि बटणावर जागा चार अक्षरांची. ही कुस्ती खेळायला मराठीत रमलेला माणूस लागतो. पीअरट्यूबचं भाषांतर ‘वेबलेट’ या खुल्या साधनावर चालतं. तिथं मोबाइलवरूनही चार ओळी भरता येतात. शाळेतल्या मराठीच्या बाईंनी दुपारच्या सुट्टीत करावं असं हे काम आहे.

असा हातभार आपल्याकडे नवा नाही. आपल्याच नगर जिल्ह्यात नेवाशाला पैसाच्या खांबाशी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सांगणारे ज्ञानदेव, उतरवून घेणारे सच्चिदानंदबाबा. उतरवून घेणाऱ्याचंही नाव ग्रंथात राहिलं. पुढे हातोहात नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले. तेव्हा शके 1506 मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवला आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये, अशी ताकीदही दिली. खुल्या प्रकल्पात आजही ही दोन्ही माणसं लागतात. एक उतरवून घेणारा, दुसरा आलेला बदल पारखून घेणारा. म्हणून तुमची दुरुस्ती परत आली तर रुसू नका. मोठा बदल पाठवण्याआधी ‘हे हवं आहे का?’ असं विचारा. न विचारता केलेली मदत मदत राहत नाही, तिचं ओझं होतं.

भाबडेपणा मात्र नको. अशा ठाण्याला भाड्याचा सर्व्हर लागतो, साठवण लागते, रात्री बंद पडलं तर उठणारा माणूस लागतो. जाहिरातीचे पैसे मिळत नाहीत, गर्दीही नाही. ज्याचं घर यूट्यूबवर चालतं त्याला मी ‘सोडून ये’ म्हणणार नाही. दुकान बाजारपेठेतच असू दे. पण सगळा माल दुकानातच ठेवून कणगी रिकामी ठेवणारा व्यापारी कुणी पाहिला आहे का?

माझा राग कंपन्यांवर कमी आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांवर जास्त आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव, नगर इथून दरवर्षी शेकड्यांनी मुलं बाहेर पडतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ग्रंथालयाची नोंदवही नाहीतर हजेरीचं ॲप करतात. बरेचदा ते विकत घेतलेलं असतं, आणि तोंडी परीक्षा झाली की कुणी उघडतही नाही. त्याऐवजी चार जणांच्या गटानं पीअरट्यूब किंवा पॅन डॉट डो रा मधली एक खरी अडचण सोडवली, ती स्वीकारली गेली, तर त्यावर गुण का देऊ नयेत? ते काम जगासमोर राहतं आणि नोकरी देणाऱ्यालाही दिसतं. ज्यांना कोड येत नाही त्यांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून सेकंदासह उतरवाव्यात. दोन्ही कामं एकाच तोलाची आहेत.

पारनेरचा तो पोरगा आता चित्रीकरण झालं की आधी हार्ड डिस्कवर घेतो, मग वर टाकतो. महिनाभरापासून रोज झोपण्याआधी पीअरट्यूबच्या दहा ओळी मराठीत करतो. परवा फोन करून विचारत होता, ‘बफरिंगला काय म्हणू?’ आमचं अजून ठरलेलं नाही.

वाचकहो, या आठवड्यात एवढंच करा. जे सॉफ्टवेअर रोज वापरता, त्यात ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द दोन वेगळ्या कीबोर्डांवरून लिहून शोधा. एकानं सापडला आणि दुसऱ्यानं नाही, तर तुमची पहिली सावड तयार आहे. सॉफ्टवेअर खुलं असेल तर ती तक्रार आजच लिहा.