बारशाचा बाजार

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी गेल्या दिवाळीत मुलीसाठी फोन घेतला. मुलगी पॉलिटेक्निकला आहे. मैत्रिणीकडे आहे तोच हवा, म्हणून तिने फोनचे नाव एका चिठोऱ्यावर लिहून दिले. नाव तरी केवढे! एखाद्या संस्थानिकाच्या बिरुदावलीसारखे लांबलचक. मावशींनी चिठोरे दुकानदारापुढे धरले, दहा हप्ते बांधून घेतले आणि पेढ्यांचा पुडा घेऊनच आमच्या दारात आल्या.

चार दिवसांनी उलगडा झाला. मैत्रिणीच्या फोनच्या नावाला शेवटी ‘५जी’ असे शेपूट होते. मुलीने ते लिहिले नव्हते आणि दुकानदाराने विचारले नव्हते. त्या एवढ्याशा शेपटाने फोनचा मेंदू बदलत होता, कॅमेरा बदलत होता. नावाखेरीज दोन्ही फोनांत सारखे असे फारसे काही उरत नव्हते. मी तणतणलो तेव्हा मावशी म्हणाल्या, “जाऊ द्या काका, आमचंच चुकलं. आमास्नी इंग्रजी वाचाय कुठं येतंय?”

मला संताप आला तो या वाक्याचा. गोंधळ घालणारा नामानिराळा राहिला, आणि दहा महिने हप्ते भरणारी बाई स्वतःच्या अडाणीपणाबद्दल माफी मागत होती! तेव्हापासून या फोनवाल्यांच्या बारशाकडे मी जरा निरखून पाहू लागलो आहे.

वाचकहो, नाव म्हणजे खूण. आमच्या कोल्हापुराला हे शिकवावे लागत नाही. कापशी गावाने घडवली ती कापशी चप्पल. तालमीतल्या डावांची नावे घ्या. धोबीपछाड म्हटले की धोबी घाटावर कपडा आपटतो तसा आपटलेला गडी डोळ्यांपुढे येतो. मोळी म्हटले की आवळलेला. खासबागेच्या मैदानात ज्याने कधी पाऊल टाकले नाही, त्यालाही नावावरून डावाचा अदमास येतो. परदेशातही असे बारसे होत असे. ब्लॅकबेरीची बारीक बटणे कुणाला फळावरच्या दाण्यांसारखी दिसली, म्हणून त्या यंत्राला फळाचे नाव मिळाले. नोकिया हे तर फिनलंडमधल्या एका गावाचे नाव. आपली कापशी तशी त्यांची नोकिया!

आता आजची नावे पाहा. ‘प्रो’, ‘मॅक्स’, ‘प्लस’, ‘अल्ट्रा’, ‘लाइट’. दिवाळीचा फराळ असा विकला तर? चकली, चकली प्रो, चकली प्रो प्लस आणि चकली लाइट! कोणती खुसखुशीत आणि कोणती दातांचा ठाव घेणारी, हे घरी नेऊन चावल्याशिवाय कळायचे नाही.

आकड्यांची कथा त्याहून न्यारी. ॲपलने २०१७ साली आयफोन ८ आणि त्याच वेळी आयफोन टेन आणला. नववा कुठे हरवला, ते त्यालाच ठाऊक. सॅमसंगचा गॅलेक्सी एस१० आला २०१९ साली आणि त्याचा धाकटा भाऊ २०२० साली जन्मला तो एकदम एस२० होऊन. शाओमीने २०२५ साली पंधरानंतर सोळा गाळून थेट सतरा गाठला. त्याच महिन्यात आयफोन सतरा बाजारात आला होता! पोको एक्स२ या नावाने २०२० साली आपल्याकडे आलेला फोन चीनमध्ये रेडमी के३० म्हणून नांदत होता. आणि एक्स२ च्या आधीचा एक्स१ म्हणाल, तर तो जन्मलाच नाही. थोरल्यावाचून धाकटा, असा चमत्कार पुराणातही सापडायचा नाही.

यामागचा हिशेब साधा आहे. हजार-दोन हजार रुपयांच्या प्रत्येक पायरीवर आपला एक फोन उभा असला पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक कोणत्याही पायरीवर थांबले तरी हातचे सुटत नाही. इतक्या पायऱ्यांना इतकी नावे आणायची कुठून? मग जुन्याच नावाला शेपटे जोडायची. दरसाल वाढणाऱ्या आकड्याचे काम आणखी वेगळे. तो नव्या फोनची थोरवी सांगत नाही, तुमच्या खिशातल्या फोनला म्हातारा ठरवतो. फोन ठणठणीत चालत असतो, पण त्याच्या पाठीवरचा आकडा चारचौघांत लाज आणतो.

कुणी म्हणेल, नावाला काय घेऊन बसलात? खोक्यावर सारे छापलेले असते, वाचून घ्यावे! छापलेले असते खरे; पण ते वाचायला भिंग लागते आणि समजायला इंजिनिअर. आणि नावाला किंमत नसती, तर हेच लोक त्याला इतके जपते का? चिनी भाषेत ‘चार’चा उच्चार मृत्यूच्या उच्चाराजवळ जातो. वनप्लसने २०१७ साली ३टी नंतर थेट ५ आणला आणि २०२५ साली १३ नंतर १५. मोटारीचा दाखला घ्या. टाटांनी नव्या गाडीचे नाव ‘झिका’ ठेवले आणि नेमकी त्याच नावाच्या विषाणूची साथ जगभर गाजू लागली. २०१६ च्या फेब्रुवारीत झिकाची ‘टियागो’ झाली. त्यात वावगे काही नाही, शहाणपणच होते. माझे म्हणणे एवढेच, की नाव कारखानदाराला टोचले तर काही आठवड्यांत बदलते. मग ते गिऱ्हाइकाला टोचते तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येत नाही, हा त्याचा गुन्हा कसा?

देशी नावे ठेवली म्हणजे भागेल, असेही नाही. लावा कंपनीने २०२१ साली फोनला ‘अग्नी’ नाव दिले; ऐकायला बरे वाटले. पण पुढे अग्नी दोन आला, अग्नी तीन आला. आकड्याची खोड संस्कृत शब्दानेही सुटली नाही. माझे भांडण इंग्रजीशी नाही, लपवालपवीशी आहे.

२०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि त्यांना नुसते ‘चामडी सँडल’ म्हटले. अख्खे कोल्हापूर खवळून उठले. २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन आपण पुढे केले, आणि कंपनीला मूळ कबूल करावे लागले. म्हणजे नावासाठी भांडता येते आणि भांडले तर ऐकूनही घेतात! मग नाव गाळले तर पेटून उठणारे आपण, नाव फसवे ठेवले तर गप्प का बसतो?

माझी मागणी मोठी नाही. खोक्यावर नावाइतक्याच ठसठशीत अक्षरांत, देवनागरीत, तीन गोष्टी लिहा: हा फोन कोणत्या साली निघाला, याच्या सख्ख्या भावंडांहून तो कशात वेगळा आहे आणि याच्या दुरुस्तीचे सामान किती वर्षे मिळेल. मग नाव खुशाल मॅक्स ठेवा, नाहीतर महामॅक्स.

परवा मावशींबरोबर एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो होतो. फळकुटावर उघडे पडलेले दहा-पंधरा फोन. तो पोराला ओरडून सांगत होता, “तो तीन डोळ्यांचा घे! न्हाई रं, पाठ फुगलेला तो न्हवं!” पोराने नेमका हवा तो उचलून दिला. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघा काका, ह्यास्नी ठेवता येतात की नावं!”