रेझरला कल्हई

जुना सेफ्टी रेझर पुन्हा निकेल करून घेतला असं सांगून बघा. पुण्यातले रेझरवेडे असे बघतात, जणू शनिवारवाड्याला ऑइलपेंट मारलाय. "अरे, पॅटिना घालवलीस! आता किंमत काय राहिली?" पॅटिना म्हणजे धातूवर वर्षानुवर्षं चढलेली कळा. काशाच्या मूर्तीवर ती शोभते. रोज सकाळी फेसातून गालावर फिरवायच्या वस्तूवर जी असते तिला मराठीत झीज म्हणतात.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी नशीब असेल तर जिलेटचा 'टेक' हाताला लागतो. १९३८ साली आलेलं मॉडेल. टोपी, पट्टी आणि दांडा, बस तीन तुकडे. माझा पितळी आहे, वर निकेलचा मुलामा. मुलामा उडाला तिथे पितळ उघडं पडलं, ओल्या बाथरूममध्ये त्यावर हिरवट कळंक चढायला लागला. पितळ मात्र ठणठणीत होतं. मग अडचण कसली?

आपल्या आज्यांना ही गोष्ट जास्त कळत होती. पितळी पातेल्याची कल्हई गेली की त्यात आमटी कळकते. म्हणून कल्हईवाल्याकडून पातेलं तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवून घ्यायचं. 'पातेल्याचं मूळ रूप बिघडलं' असं म्हणून कुणी रडल्याचं ऐकलंय का? कल्हई झिजायचीच, पातेलं राहावं म्हणून. (तांबट आळीतून हंडा आणून त्यात मनी प्लांट लावणारी आपली पिढी. आपल्याला हे सांगावं लागतं.) रेझरचं निकेल हे त्याच जातीचं. आमच्या धंद्यात चालू सर्व्हरला पॅच मारायला नकार देऊन त्याला 'हेरिटेज' म्हणालात, तर संध्याकाळपर्यंत लॅपटॉप परत द्यावा लागेल.

संग्राहकांचा एक मुद्दा खरा आहे: वाईट प्लेटिंग रेझर मारतं. निकेलचा थर दहा-पंधरा मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी पातळ. तो ओरखडे झाकत नाही, उलट चकाकून दाखवतो. म्हणून आधी बफिंग होतं, आणि घात तिथेच होतो. चाकावर दोन मिनिटं जास्त धरला की दांड्याचं नर्लिंग गुळगुळीत, कोरलेली अक्षरं पुसट. ओल्या हातातून असा दांडा निसटतो. टाकीतही करंट कडांवर जास्त एकवटतो, तिथे थर जाड बसतो. घाईने जास्त करंट सोडला तर कडा जळून काळ्या पडतात. रेझर पितळी नसून जस्ताच्या मिश्रधातूचा असेल, तर तांब्याचा अस्तर-थर न देता आम्लाच्या टाकीत बुडवल्यावर त्याला खड्डे पडतात. पण यातून निघतं ते एवढंच, की कारागीर नीट निवडा. 'करूच नका' असं निघत नाही. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र खरंच करू नका.

आणि ते व्हिनेगर आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीचे व्हिडिओ बंद करा. त्यातून निघणारा थर टिकत नाही, आणि उरलेलं हिरवं निकेलचं पाणी तुम्ही बेसिनमध्ये ओतणार. मुठेत आधीच काय कमी आहे? क्रोमचाही हट्ट नको. पारंपरिक क्रोमच्या टाकीतलं क्रोमियम कॅन्सरकारक असतं, आणि त्या टाकीशी उभा असतो तो तुम्ही नव्हे. अशा बऱ्याच जुन्या रेझरांवर मुळात नुसतं निकेलच होतं.

भोसरीच्या एमआयडीसीत प्लेटिंगच्या टाक्या आहेत, पण त्या किलोवर आणि हजार नगांवर चालतात. मला दोन ठिकाणी सरळ नकार मिळाला: "साहेब, एका नगासाठी कोण उतरवणार, कोण घासणार?" त्याचं गणित चुकीचं नाही. केंद्र सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, चांगलंच झालं, पण दुरुस्ती करणारा एक नग हातात धरायला तयार नसेल तर त्या हक्काचं काय करायचं? पॅटिनावर रात्रभर वाद घालणाऱ्या आठ जणांनी आपापले रेझर एका डब्यात घातले, तर टाकीवाल्याचा अर्धा दिवस भरतो. तिसऱ्या ठिकाणी मी असेच सहा रेझर नेले, आणि तो तयार झाला.

देताना प्रत्येक दांड्यावर चिकटपट्टी लावा आणि मार्करने लिहा: बफिंग हलकं, नर्लिंगवर चाक नको, फक्त निकेल. तोंडी सांगितलेलं बफवाल्यापर्यंत पोचत नाही.