नालबंदालाच पत्री ठोकू नका

छावणीच्या आठवडी बाजारात नालबंद बैल दोराने पाडतो, खूर तासतो, पत्री ठोकतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका बैलाला आठ पत्र्या (घोड्याचं चार नालांत भागतं). खिळा जरा आत गेला की बैल लंगडला, पेरणी अडली. एवढं कसब असलेला हा बहुधा मुस्लिम कारागीर २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत नाही. लोहार आहे, न्हावी आहे, शिंपी आहे. याला १५ हजारांची अवजारं नाहीत, पाच टक्क्यांचं कर्ज नाही.

आपलेच काही साथी म्हणतात, एकोणिसावा म्हणून नालबंद घाला. आम्ही म्हणतो, थांबा. योजना जात विचारत नाही, खरं. पण गुरु-शिष्य परंपरा आणि घराण्यात चालत आलेलं काम बळकट करणं हा तिचा जाहीर हेतू आहे. जात केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. मग नालबंदाच्या पोराने नालबंदच व्हायचं? आजच्या कारागिराला कर्ज आणि अवजारं आजच द्या. खूर तासणं मात्र आयटीआयमध्ये शिकवा, कुणाच्याही मुलामुलीला. आणि नालबंदाची मुलगी कॉलेजात असेल तर तिची शिष्यवृत्ती वर्ष संपायच्या आत खात्यावर टाका.