गरज सरो नि घोडा मरो?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिस सुटल्यावर लोणावळ्याहून औंढ्याला घरी येत होतो. रस्त्याच्या कडेला एका खांबाला घोडा बांधलेला दिसला. बरगड्या लांबून मोजता येत होत्या. कमरेची हाडे खुंट्यांसारखी वर आलेली, डोळ्यांवर खोल खळगे. आणि भोवती गुडघाभर हिरवे गवत! मावळातला पाऊस तो, गवताला काय तोटा? मग गवतात उभा राहून हा मुका जीव उपाशी कसा?

वस्तीतल्या पोरांनी लगेच निकाल दिला, "मालक खायला घालत नाही. म्हातारा झाला म्हणून सोडून दिलाय." मलाही ते पटले. मी घरून अर्धी बादली भिजवलेले हरभरे आणून घोड्यापुढे ठेवले. त्याने ते अधाशासारखे संपवले. मोठे सत्कार्य केल्याच्या समाधानात मी जेवायला बसलो.

रात्री दहाला पोरे धावत आली. घोडा जमिनीवर लोळत होता, पाय झाडत होता, वळून वळून पोटाकडे बघत होता. सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टर भर पावसात आले. त्यांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शने दिली. पहाटे चार वाजता घोड्याने लीद टाकली, तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला. डॉक्टर मला म्हणाले, "साहेब, घोड्याला माणसासारखी उलटी करता येत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. उपाशी जनावराला एकदम धान्य घातले, तर ते उपासाने नाही, आपल्या दयेने मरते."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. दया हवी, पण तिला ज्ञानाची जोड हवी.

उजाडल्यावर डॉक्टरांनी खांबाजवळची जमीन दाखवली. तिथे अर्धवट चघळून टाकलेल्या गवताचे गोळे पडले होते. घोड्याचे दात आयुष्यभर हळूहळू हिरडीतून वर येत राहतात आणि चावण्याने झिजत राहतात. वीस वर्षांच्या पुढे ते संपत येतात, कुठे झिजतात, कुठे धारदार टोके निघतात. ती टोके गालाला आणि जिभेला कापतात. घोडा गवत तोंडात घेतो, चघळतो आणि टाकून देतो. म्हणजे गवत होते, भूकही होती, पण चावायला दात नव्हते! आम्ही मात्र तपास न करता आरोपपत्र तयार केले होते.

मालक दुसऱ्या दिवशी आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. पर्यटकांना घोड्यावर फिरवून त्यांनी वीस वर्षे संसार चालवला. घोड्याचे नाव राजा. त्याला ओझे पेलेना, तसा धंदा बसला. डोक्यावर कर्ज झाले. "खाताना गवत टाकतोय ते मला दिसत होतं," ते खाली मान घालून म्हणाले, "पण डॉक्टरला बोलवायला पैसे नव्हते. मग बघायचंच सोडून दिलं." चूक त्यांची होतीच. त्यांनी ती लपवली नाही.

संध्याकाळी विहारात बैठक झाली. तरुणांचे म्हणणे होते, पोलिसांत तक्रार करा. कायदा त्यांच्या बाजूने होता. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपाशी ठेवणे, कामाला अपात्र असताना राबवणे किंवा वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा ठरवला आहे. गाडी ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. पण याच कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये!

शेजारच्या आजी तेवढ्यावर बोलल्या, "पन्नास रुपयं दंड करून घोड्याचं पोट भरंल का काकाचं? दोघं बी म्हातारं झालंत. दोघांचं बघा."

आजींनी जे दोन वाक्यांत सांगितले, तेच मोठ्या न्यायालयांनाही सांगावे लागले आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. त्याचबरोबर त्यावर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही सरकारला बजावले. आपल्या शेजारच्या माथेरानमध्ये तर माणूसच माणसाला ओढत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात असेही सांगितले. नुसते "बंद करा" म्हणणे सोपे असते. बंद झाल्यावर त्या जिवांनी कुठे जायचे, हा खरा प्रश्न असतो.

आम्ही तक्रार केली नाही. डॉक्टरांनी गुंगीचे इंजेक्शन देऊन, कानशीने घासून दातांची टोके काढली. जंताचे औषध आणि धनुर्वाताची लस दिली. नालबंदाने वाढलेले खूर कापले. खाणे हळूहळू वाढवायचे ठरले. बारीक कापलेली लसूणघास आणि पाण्यात भिजवून मऊ केलेला गव्हाचा कोंडा, थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा. पंधरा दिवस यात बदल नाही. स्वच्छ पाणी सतत समोर आणि चाटायला मिठाचा खडा.

मग प्रश्न आला जागेचा. गावातले एक शेतकरी गोठ्यात जागा द्यायला तयार झाले. त्यांच्याकडे एक म्हातारी घोडी आधीपासून होती. हे फार बरे झाले, कारण घोडा कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवला तर झुरतो. पण नेण्यापूर्वी रक्त तपासून घेतले. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. ओळख नसलेले जनावर घरी आणताना ही तपासणी टाळू नये. सर्वांसमक्ष कागद झाला की राजाला कामाला जुंपायचे नाही, विकायचे नाही, आणि सांभाळणे जमेनासे झाले तर आधी आम्हाला कळवायचे.

गवत शेतकऱ्याचे. कोंडा, औषध आणि नालबंद यांसाठी चाळीस घरांनी महिना पन्नास रुपये वर्गणी धरली. काकांना एका बंगल्यावर माळीकाम मिळवून दिले. राजाचा खरारा आणि सकाळचा कोंडा मात्र त्यांच्याकडेच ठेवला.

पाच महिन्यांनी राजाच्या बरगड्या झाकल्या गेल्या. तो पुन्हा तरुण होणार नाही. डॉक्टर म्हणतात, काळजी घेतली तर आणखी काही वर्षे काढील. काकांची सायकल वळणावर दिसली की तो खिंकाळतो. काका मग थोडा वेळ कोणाशी बोलत नाहीत.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी आम्ही राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला. मीही घोषणा दिल्या होत्या, "म्हातारपणाचा आधार हा आमचा हक्क आहे!" राजाकडे बघताना ती घोषणा आठवते. ज्याने वीस वर्षे पाठीवर दुसऱ्याचा संसार वाहिला, त्याला कोणती पेन्शन? आणि ज्याने पर्यटकांमागे धावत आयुष्य घालवले, त्या काकांना तरी कोणती? गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो. ती आपल्या गोठ्याला आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही लागू पडते.

आपण कार्ल्याला कुटुंबासह जातो. पुढच्या वेळी चैत्यगृहातले खांब मागच्या बाजूनेही पाहा. मधल्या बाजूला हत्ती आहेत, तर मागे घोडे कोरले आहेत. आणि सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या औषधोपचारांची सोय केल्याचे कोरून ठेवले, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. एकाच लेखात दोघेही! आपल्या संविधानातही कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली आले.

म्हणून विनंती एवढीच. असा प्राणी दिसला तर घाईने काही खाऊ घालू नका. पाणी ठेवा, आणि १९६२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मालकाला शिव्या देण्याआधी त्याच्या घरी चूल पेटते का, तेही विचारा. आणि घरातल्या मुलांना सोबत न्या. म्हातारपण कसे जपायचे, हे ती राजाच्या गोठ्यात शिकतील. उद्या ते आपल्याच उपयोगी पडेल.

जयभीम!