आघात कोठें द्यावा?

परवां माझी नात घरांतील मंडळींसमोर मुलाखतीची तयारी करीत होती. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ हा शब्द तिनें सगळ्या अवयवांवर सारखाच भार देऊन म्हटला. माझ्या धाकट्या चिरंजीवांनीं हटकलें, तेव्हां ती म्हणाली, “आजोबांनीं असेंच शिकविलें आहे.” मीं खालीं मान घातली. शाळेंतही मीं मुलांकडून स्पेलिंगें घोटवून घेतलीं. आघात मात्र कधीं शिकविला नाहीं. त्या ऋणांतून अंशतः तरी मुक्त व्हावें, म्हणून हें टिपण.

प्रथम अवयव पाडावे. छंदःशास्त्रांत अक्षर म्हणजे स्वर व त्यास चिकटलेलीं व्यंजनें. इंग्रजींतही तोच न्याय लावावा. लिहिलेले वर्ण न मोजतां ऐकूं येणारे स्वर मोजावे. ‘स्ट्रेंग्थ’ लिहितांना आठ वर्ण लागतात, पण स्वर एकच, म्हणून अवयवही एकच. ‘रि-स्पॉन्-सि-बिल्-इ-टी’ यांत मात्र सहा.

मग आघात. शेवटीं ‘इटी’ आल्यास तो लगतच्या मागील अवयवावर, म्हणजे येथें ‘बिल्’वर पडतो. ‘शन’ व ‘इक’ यांचेंही बहुधा असेंच. ‘अरिथ्मेटिक’ म्हणजे अंकगणित, हा एक अपवाद, त्यांत आघात दुसऱ्या अवयवावर. ‘फोटोग्राफ’मध्यें पहिला अवयव जोरकस, ‘फोटोग्राफी’मध्यें दुसरा, ‘फोटोग्राफिक’मध्यें तिसरा. आघात सरकला कीं स्वरही पालटतो. ‘फोटोग्राफी’तील ‘फो’ निर्बळ होऊन जवळजवळ ‘फ’ उरतो. आपण सर्वच स्वर पूर्ण उच्चारतों, आणि ऐकणारा इंग्रज गोंधळतो.

स्वराचें महत्त्व आपणांस नवें नाहीं. त्वष्ट्यानें ‘इन्द्रशत्रु’ हें पद ‘इन्द्राचा संहारक’ या हेतूनें योजिलें. उदात्त अन्त्य अक्षरावर हवा होता, तो आद्य अक्षरावर पडला. तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, ‘इन्द्र ज्याचा संहारक तो’ असा अर्थ निघाला, व वृत्रच मारला गेला. पतंजलीनें महाभाष्यांत ही कथा उदाहरणादाखल घेतली आहे. वैदिक स्वर उंचीचा, इंग्रजी आघात जोराचा. जाति भिन्न, पण बोध एकच.

हल्लींच्या बहुतेक इंग्रजी कोशांत आघाताच्या अवयवापूर्वीं वरच्या बाजूस एक लहान उभी रेघ असते. रोज रात्रीं जेवणें झाल्यावर मुलांनीं एक लांब शब्द घ्यावा, कोश पाहावा, आणि तेवढ्याच अवयवावर एक टाळी द्यावी. वडील माणसांनींही सोबत बसावें. आमच्या घरीं सध्यां टाळी चुकते ती बहुधा माझीच.