म्हणे "पर्यायी" करिअर!

कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीत पीएचडी झालेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. नातेवाईक विचारतात, "मग आता दवाखाना कुठे काढणार?" आणि विभागातले सर विचारतात, "पोस्टडॉक कुठे?"

पहिल्याचं मला हसू येतं. (काका-मावशांनो, ही मंडळी रुग्ण तपासत नाहीत, लक्ष, स्मरण, भाषा, निर्णय यांवर प्रयोग करतात.) राग येतो तो दुसऱ्याचा. कारण उत्तरात पोस्टडॉक नसेल, तर सरांचा चेहरा पडतो आणि "हं, म्हणजे पर्यायी करिअर" असा शेरा मिळतो. जणू प्राध्यापकी हा एकच हमरस्ता आणि बाकी सगळ्या आडवाटा!

साधा हिशेब करा. एक गाइड तीस वर्षांत आठ-दहा जणांना पीएचडी करवतो आणि निवृत्त होताना खुर्ची रिकामी करतो एक. तीही भरतीलच याची खात्री नाही. आपल्याकडे तर विद्यापीठांत सहायक प्राध्यापकाला पीएचडी सक्तीची करण्याचा २०१८ चा नियम २०२३ मध्ये मागे घेतला, नेट-सेट पुरेसं ठरवलं. उरलेल्यांनी काय करायचं? तासिका तत्त्वावर तासांचे पैसे मोजत बसायचं?

आणि गंमत म्हणजे, ज्याला "पर्यायी" म्हणतात तिथेच या विषयाचं बालपण गेलंय. १९४४ साली केंब्रिजमध्ये अप्लाइड सायकॉलॉजी युनिट निघालं, ते युद्धातल्या कामांसाठी. रडारच्या पडद्याकडे टक लावून बसलेल्या माणसाचं लक्ष थोड्या वेळाने का ढळतं, हा तिथला प्रश्न होता. पुढे त्याच युनिटचे प्रमुख झालेले डोनाल्ड ब्रॉडबेंट यांचं १९५८ चं पुस्तक आजही लक्षावरच्या अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला असतं.

बेल लॅब्जमध्ये जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने माणसांवर चाचण्या घेऊन बटणांच्या फोनवरचे आकडे कसे मांडायचे ते ठरवलं. १९६३ मध्ये तो फोन बाजारात आला. तुमच्या मोबाइलवर आकडे आजही त्याच क्रमाने आहेत. डॉन नॉर्मन १९९३ मध्ये विद्यापीठातून अॅपलमध्ये गेले. या लोकांना आडवाटेला गेलेले म्हणायचं का?

यावर उत्तर ठरलेलं असतं : कंपन्या हवं ते छापू देत नाहीत, माणसाचं लक्ष विकून पैसा करतात. खरं आहे! मग हेच पहिल्या वर्षी मुलांपुढे मांडा ना. कुठली नोकरी घ्यावी आणि कुठली नाकारावी, याची चर्चा करा. पाचव्या वर्षी तिशीला टेकलेल्या मुलीला एकदम "आता तुझं तू बघ" सांगण्यात कसली आलीय नैतिकता? तिला प्रयोग आखता येतो, आकडेवारी तपासता येते, माणूस कुठे चुकतो हे नेमकं दाखवता येतं. फक्त हे बाहेर विचारलं जातं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

तर माझी मागणी छोटी आहे. गेल्या दहा वर्षांत पीएचडी झालेला प्रत्येक जण आज काय करतो, याची यादी विभागाच्या दारावर लावा. नुसत्या प्राध्यापकांची नको, सगळ्यांची. जे नोकरी शोधताहेत त्यांचीही. प्रवेश घेणाऱ्याला ती वाचू द्या, आणि मग त्याच्याकडून पाच वर्षं मागा.