अपग्रेडचे पैसे आपण आधीच मोजले आहेत

कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक लागतं. अंदर मावळातल्या गावांची ही बाजारपेठ. सातबारा काढायचा, पोराचा अर्ज भरायचा, कारखान्यातल्या नोकरीसाठी कागद छापायचे, तर डोंगराकडची माणसं इथे उतरतात. अशा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर एका दुकानदाराचा असला, तरी त्यावर पंचक्रोशीची कामं चालतात. म्हणून 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती थांबली, ती बातमी इथलीही आहे. तेव्हापासून लोक विचारतात, नवीन विंडोज फुकट मिळतं की विकत? या प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात. माझ्या मते तिन्ही चूक आहेत, आणि सर्वांत पटणारं उत्तर सर्वांत जास्त चूक आहे.

ते उत्तर म्हणजे ‘फुकट’. कागदावर त्याला आधार आहे. 29 जुलै 2015 ला विंडोज 10 आलं, तेव्हा विंडोज 7 आणि 8.1 वापरणाऱ्यांना ते वर्षभर विनामूल्य होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेलं विंडोज 11 सुद्धा विंडोज 10 वाल्यांना विनामूल्यच आहे. ॲपलच्या मॅकवर 2012 साली नव्या आवृत्तीला वीस डॉलर पडत. 2013 पासून तेही बंद झाले.

माझा आक्षेप आहे तो या शब्दाला. दुकानातून लॅपटॉप घेताना त्यातल्या विंडोजचं लायसन्स किमतीतच धरलेलं असतं. बिलावर त्याची वेगळी ओळ नसते, म्हणून आपण ते मोजल्याचं विसरतो. पुढे येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या म्हणजे बनवणाऱ्याच्या हातून राहून गेलेली भोकं बुजवणं. मावळातल्या पावसात नव्या घराचं छप्पर गळलं आणि गवंड्यानं येऊन ते नीट करून दिलं, तर त्याला आपण उपकार म्हणत नाही. ‘फुकट’ म्हटलं की मात्र देणारा दाता होतो आणि घेणारा याचक. दानाचा जाब विचारता येत नाही, येण्याचा विचारता येतो. आपण आपलं येणं मागायचं सोडून दानाची वाट बघत बसलो आहोत, हे मला खुपतं.

आता त्या ‘फुकट’च्या अटी बघा. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे 2017 च्या सुरुवातीला कर्ज काढून घेतलेला, त्या वेळी कोराकरकरीत असलेला सातव्या पिढीचा संगणक बाद. यामुळे जगभरातले सुमारे 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यासक संस्थेनं 2023 च्या अखेरीस मांडला होता. संगणक अटीत बसला तरी पाच जीबीहून मोठी फाइल उतरवायची, ती दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर, दरीतल्या रेंजमध्ये.

विंडोज बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूनं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. टीपीएमची अट निव्वळ बहाणा नाही. माहितीच्या कुलपाच्या किल्ल्या वेगळ्या चिपमध्ये राहिल्या की चोरणं अवघड होतं. पण जुन्या संगणकांसाठीची दुरुस्तीही तयार होतेच आहे. घरगुती ग्राहकाला आणखी एका वर्षासाठी, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, ती 30 डॉलरला मिळते, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपयांना. पैसे द्यायचे नसतील तर आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यावर चढवायच्या. उद्योगांना हीच दुरुस्ती पहिल्या वर्षी यंत्रामागे 61 डॉलरला, शाळांना एका डॉलरला, आणि युरोपातल्या घरगुती ग्राहकाला शून्याला, कारण तिथल्या ग्राहक संघटनेनं कंपनीला जाब विचारला. एकाच औषधाचे चार दर! बनवायला किती खर्च येतो याच्याशी या दरांचा संबंध दिसत नाही. कोण किती ठामपणे मागतो, याच्याशी दिसतो. ज्या पुणे जिल्ह्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथल्या माणसांना हे वेगळं शिकवायला नको.

दुसरं उत्तर ‘विकत’. विंडोज 10 अधिकृत आहे आणि यंत्र अटीत बसतं, तर नव्या आवृत्तीसाठी लायसन्सचा एक पैसाही लागत नाही. दुरुस्तीवाल्यानं बसवण्याची मजुरी घ्यावी, ती त्याच्या कष्टाची आहे. लायसन्सच्या नावानं मात्र घेऊ नये.

तिसरं उत्तर ‘क्रॅक टाकू’, म्हणजे लायसन्स चुकवून चोरीचं विंडोज. त्यासाठी बहुतेक वेळा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे अनोळखी माणसाला आत घेण्यासाठी कुत्रं बांधून ठेवायचं. ज्या यंत्रावर गावाची आधार कार्डं स्कॅन होतात, तिथे हे करणं पाप आहे.

मग खरं उत्तर कुठे आहे? मला ते भाताच्या खाचरात दिसतं. इंद्रायणी हे वाण 1987 साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून बाहेर पडलं. सरळ वाण असल्यानं शेतकरी त्याचं बियाणं घरचं ठेवतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. संकरित बियाणं मात्र दर हंगामाला दुकानातून आणावं लागतं. बियाणं राखण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या कायद्यानं मान्य केला आहे. लिनक्स या संगणकप्रणालीची जात इंद्रायणीची: वापरा, वाटा, आत काय आहे ते बघा, बदला. मराठीत फुकट आणि मुक्त हे दोन शब्द वेगळे आहेत. इथे मुक्त हा शब्द लागतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं बॉस हे लिनक्स बनवलं, ते मराठीतही चालतं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं अशाच मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत. सातव्या पिढीच्या त्या बाद संगणकावर लिनक्स आजही सुरळीत चालतं आणि त्याच्या दुरुस्त्याही येतात.

अडचणी आहेत. लग्नपत्रिका छापणाऱ्याची श्रीलिपी, हिशेबाची टॅली, डिजिटल सहीची काही सरकारी साधनं यांचा घरोबा विंडोजशी आहे. त्या दुकानदाराला ‘उद्याच बदल’ म्हणणं अन्यायाचं होईल. पण ग्रामपंचायत, शाळा, ग्रंथालय यांची कामं बहुतेक ब्राउझरमध्ये आणि साध्या टंकलेखनात होतात. तिथून सुरुवात करायला अडतंय काय?

‘कंपनीनं काय जन्मभर दुरुस्ती करत बसायचं?’ असं कुणी विचारेल. जन्मभर नको, पण किती वर्षं ते विकताना सांगा. युरोपनं 20 जून 2025 पासून मोबाइलवाल्यांना बंधन घातलं आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे भाताच्या बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, त्यावर चाचणीची तारीख आणि कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. कृषी खातं दर खरिपाला सांगतं, पिशवी, टॅग आणि बिल जपून ठेवा. चाळीस हजारांच्या लॅपटॉपच्या खोक्यावर तेवढी एक तारीख हवी आहे, आणि ती छापली जात नाही तोवर दुकानदाराकडून बिलावर हातानं लिहून घ्यायची.